‘ॲक्सेस देऊन टाका’ म्हणजे नेमकं काय द्यायचं?

ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात हे वाक्य हमखास कानावर येतं: “अहो, त्या नवीन मॅडमना डेटाबेसचा ॲक्सेस देऊन टाका ना.” एवढं बोलून साहेब मीटिंगला निघून जातात. ज्याला सांगितलं तो मात्र द्यायचं म्हणजे नक्की काय, या विचारात पडतो. बहुतेक ठिकाणी शेवट एकच: आपलाच पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला जातो, मॅडमचं काम सुरू होतं आणि विषय मिटतो.

आजवर हे खपून गेलं. आता जरा अवघड आहे. संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ग्राहकांची नावं, फोन नंबर, पत्ते संगणकात ठेवणाऱ्यांना त्या माहितीपर्यंत कोण पोचतं यावर ताबा ठेवावा लागेल, अशी त्यातली अट आहे. ही अट नियम निघाल्यापासून 18 महिन्यांनी लागू व्हायची आहे. कायद्याचं काय ते पुढे येईलच. पण कायदा नसता तरी ‘देऊन टाका’ या दोन शब्दांत किती गोष्टी कोंबल्या आहेत ते समजून घेण्यासारखं आहे.

## डेटाबेस म्हणजे मोठी एक्सेल फाइल नव्हे

औषधांच्या एका घाऊक वितरकाचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. तालुक्यातल्या मेडिकल दुकानांना इथून माल जातो. दुकानदारांची यादी, ऑर्डरी, बिलं, स्टॉक, येणे बाकी, कर्मचाऱ्यांचे पगार असं सगळं संगणकात आहे आणि प्रत्येकाचा वेगळा तक्ता आहे. या तक्त्याला टेबल म्हणतात. अशी सगळी टेबलं एकत्र सांभाळून मागेल त्याला हवी ती माहिती काढून देणारा प्रोग्रॅम म्हणजे डेटाबेस सर्व्हर. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल ही त्यातली नेहमीची नावं.

एक्सेलची फाइल उघडली की अख्खी हातात येते. डेटाबेसचं तसं नसतं. तिथे तुम्ही सर्व्हरला विचारता, “अमुक दुकानाची बाकी किती?” उत्तर देण्याआधी तो दर वेळी बघतो की विचारणारा कोण आणि त्याला हे विचारायची परवानगी आहे का. ही तपासणी असते म्हणूनच काही दाखवायचं आणि काही राखून ठेवायचं हे जमतं. नुसता पासवर्ड वाटणारा माणूस हीच सोय फुकट घालवतो.

## सातबारा कोण वाचतो, कोण लिहितो

ही वाटणी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. सातबारा आठवा.

महाभूलेखवर कुणाच्याही जमिनीचा सातबारा कुणीही बघू शकतो. कायदेशीर कामाला चालेल असा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा असेल तर 15 रुपये भरायचे. पण बघता येतो म्हणून त्यात लिहिता येत नाही. खरेदीखत झालं, वारस लागले, की तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफाराची नोंद धरतात. ती धरली म्हणून लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तलाठी आणि मंडळ अधिकारी ज्याच्या त्याच्या डिजिटल स्वाक्षरीनेच काम करतात. जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात, म्हणजे वीस वर्षांनीही कुणाचं नाव कशामुळे गेलं ते काढता येतं. 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःही पिकाची नोंद करतो, पण आपल्या गटाची. शेजाऱ्याच्या बांधापलीकडे त्याचं काही चालत नाही.

वाचणारे वेगळे, नोंद धरणारे वेगळे, मंजुरी देणारे वेगळे. शिवाय कुणी कधी काय केलं त्याचा माग. सहकाऱ्याला डेटाबेसचा ॲक्सेस देताना यापेक्षा फार निराळं काही करायचं नसतं. (प्रत्यक्षात सातबाऱ्यावर घोळ होतच नाहीत असं मी म्हणत नाही. कलम 155 खालच्या ‘लेखन प्रमादाच्या’ दुरुस्त्या हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

## एका विनंतीत किती प्रश्न

परत आपल्या औषध वितरकाकडे येऊ. नवीन मॅडम वसुली बघणार आहेत. त्यांना दुकानदारांची यादी, बिलं आणि येणे बाकी दिसायला हवी. “सोमवारी चेक देतो म्हणाले” असा शेरा लिहिता यायला हवा. पगाराचं टेबल बघायचं त्यांना काहीच कारण नाही. खरेदीचा दरही नको, कारण खरेदी आणि विक्री शेजारी शेजारी दिसली की धंद्यातलं मार्जिन उघडं पडतं आणि मालक ती गोष्ट मुनिमापासूनही लपवतात.

सर्व्हरला हे सांगायचं तर चार क्रिया वेगळ्या धराव्या लागतात: वाचणं, नवीन ओळ टाकणं, असलेली ओळ बदलणं आणि पुसणं. त्यांची संगणकी नावं सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट. परवानगी द्यायच्या हुकमाला ग्रँट म्हणतात आणि परत घ्यायच्या हुकमाला रिव्होक. हुकूम टाइप करायचा रोमन लिपीत, पण वाचायला साधा असतो: ‘ग्रँट सिलेक्ट ऑन येणे_बाकी टू वसुली’. येणे बाकीचं टेबल वसुलीवाल्यांना वाचू द्या, झालं. शेऱ्यांच्या टेबलासाठी दुसरा हुकूम द्यायचा, त्यात सिलेक्टच्या जोडीला इन्सर्ट. अपडेट आणि डिलीट मुद्दाम द्यायचे नाहीत. शेरा चुकला तर खाली नवा शेरा लिहावा; जुना शिल्लक राहिलेला बरा.

इथे ‘वसुली’ हे माणसाचं नाव नाही, कामाचं आहे, हे लक्षात आलं असेल. याला रोल म्हणतात. परवानग्या रोलला द्यायच्या आणि माणसाला त्या रोलमध्ये बसवायचं. उद्या मॅडम स्टॉकवर गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं, तर एकाला काढायचं, दुसऱ्याला बसवायचं. पंधरा टेबलांच्या परवानग्या पुन्हा लिहीत बसायला नको. लहान ऑफिसात दोनच माणसं असली तरी रोल करावा असं माझं मत आहे. पाच मिनिटांचं काम आहे.

टेबल दाखवायचं पण त्यातला एखादाच रकाना लपवायचा, हेही होतं. त्यासाठी व्ह्यू नावाची सोय आहे: मूळ टेबलातले ठरावीक रकाने दाखवणारं दुसरं टेबलच जणू, पण त्यात माहिती वेगळी साठवलेली नसते. दुकानदाराचं नाव, गाव आणि बाकी व्ह्यूमध्ये घ्यायची, खरेदीचा दर सोडून द्यायचा, आणि परवानगी फक्त व्ह्यूची द्यायची. ओळींचीही वाटणी होते. मिरज भागाच्या माणसाला मिरजेचीच दुकानं दिसावीत, ई-पीक पाहणीत आपलाच गट दिसावा तशी, अशी सोय पोस्टग्रेसमध्ये 9.5 या आवृत्तीपासून आहे.

मग उरतात दोन प्रश्न, आणि तेच सहसा विसरले जातात: कुठून आणि कधीपर्यंत. मॅडम ऑफिसच्या संगणकावरूनच काम करणार की घरूनही? ऑडिटसाठी आलेल्या मुलाला ॲक्सेस दिला, तर ऑडिट संपल्यावर तो बंद करायची तारीख कुणाच्या वहीत आहे?

कामापुरतीच परवानगी द्यावी, जास्त नाही, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकतज्ज्ञांनी 1975 मध्ये लिहून ठेवलं. पन्नास वर्षं झाली. शिकवतात सगळीकडे, पाळणारे थोडे.

## “माझाच पासवर्ड दिला तर काय बिघडतं?”

काम अडत नाही, हे खरं. बिघडतं ते नंतर.

सर्व्हरला चेहरे कळत नाहीत, त्याला नाव कळतं. तिघे जण एकाच नावाने आत शिरले तर त्याच्या लेखी तो एकच माणूस. पंचवीस हजारांची बाकी एका रात्रीत शून्य झाली असेल तर नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, दिसणार तुमचं नाव. मग “मी नव्हतो” हे सिद्ध करत बसा.

दुसरी अडचण जास्त रोजची आहे. लहान ऑफिसांत डेटाबेसचा मुख्य पासवर्ड बहुतेक वेळा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही घातलेला असतो. कुणी नोकरी सोडून गेलं म्हणून तुम्ही पासवर्ड बदलता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर बिलच निघत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला फोन, तो म्हणतो दुपारी बघतो, बाहेर टेम्पो उभा. असा एक अनुभव आला की मालक ठरवून टाकतात: पासवर्ड बदलायचाच नाही. आणि मग सोडून गेलेल्या प्रत्येकाकडे तो तसाच चालू राहतो.

यावर उपाय एकच, प्रत्येकाचं वेगळं नाव आणि सॉफ्टवेअरचंही स्वतःचं वेगळं नाव. डेटाबेसमध्ये नवीन वापरकर्ता तयार करायला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल पैसे मागत नाही.

## “आपल्याच माणसावर अविश्वास दाखवायचा?”

हा प्रश्न मनापासून विचारला जातो. वर्षानुवर्षं एकत्र डबा खाणाऱ्या माणसाला “तुला हे टेबल दिसणार नाही” असं सांगायला जीभ रेटत नाही. पण नुकसान करायला मनात खोट असावी लागतच नाही.

गिटलॅब ही प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिथला एक अनुभवी इंजिनिअर डेटाबेसच्या दोन सर्व्हरमधली बंद पडलेली नक्कल पुन्हा सुरू करायच्या खटपटीत होता. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. हुकूम दिला गेला मुख्य सर्व्हरवर. क्षणभरात त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो थांबवला, तोवर सुमारे 300 जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हता, आणि तो फसल्याचे इमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. सुदैवाने त्याच दिवशी एक प्रत हाताने घेतलेली होती. तिच्यावरून गाडी रुळावर आली, तरी मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, स्वतःच तपशीलवार जाहीर केलं.

कुणी म्हणेल, त्या इंजिनिअरला तर तो अधिकार कामासाठी लागतच होता. परवानग्या आखडून काय झालं असतं? बरोबर आहे. त्याच्या बाबतीत काही झालं नसतं. पण ज्याचं कामच ते आहे, जो रोज ते करतो, त्याचा हात जर असा चुकू शकतो, तर ज्याला फक्त बाकीची यादी बघायची आहे त्याच्या हाताखाली पुसायचा हुकूम ठेवायचा कशाला? आणि सहकाऱ्याच्या बाजूने बघा. पुसायची परवानगी नसलेल्या माणसावर नोंदी पुसल्याचा संशय कुणी घेत नाही. मी नोकरदाराच्या जागी असेन तर मला लागत नाही तो अधिकार मी स्वतःहून नको म्हणेन.

## “ॲक्सेस दिलाय म्हणता, पण उघडत नाही”

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, आणि वैतागून शेवटी “सगळंच देऊन टाका” म्हटलं जातं तेही इथेच. म्हणून जरा थांबून पाहू. परवानगी एका ठिकाणी तपासली जात नाही, ओळीने चार-पाच टप्प्यांवर तपासली जाते. अडलं कुठे ते येणारा संदेशच सांगतो, फक्त तो वाचावा लागतो.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं किंवा नुसतंच गोल फिरत राहिलं, तर गोष्ट अजून परवानगीपर्यंत पोचलेलीच नाही. पोस्टग्रेस बसवल्यावर मुळात फक्त त्याच संगणकावरून आलेलं ऐकतो. दुसऱ्या टेबलावरच्या संगणकाचं ऐकायला त्याला सांगावं लागतं. मग एका वेगळ्या फाइलमध्ये कोणत्या पत्त्यावरून कुणाला आत घ्यायचं ते लिहावं लागतं. मायएसक्यूएलची तऱ्हा आणखी निराळी. तिथे वापरकर्त्याची ओळख नाव आणि ठिकाण मिळून बनते. ‘वसुली, याच संगणकावरून’ आणि ‘वसुली, कुठूनही’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं, दोघांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. सर्व्हरवर बसून सगळं चालतं आणि मॅडमच्या संगणकावरून ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

आत शिरल्यावर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर त्याच्या पुढचा शब्द बघा. पुढे स्कीमा असा शब्द असेल, तर टेबलं ज्या गटात ठेवली आहेत त्या गटाचीच परवानगी द्यायची राहिली आहे. टेबलाची दिली तरी ती एकटी पुरत नाही. पुढे टेबलाचं नाव असेल तर ग्रँट राहिलंय. सगळं वाचता येतंय पण नवीन शेरा टाकला की सीक्वेन्सचं नाव घेऊन अडतंय, असंही होतं. नव्या ओळीला आपोआप क्रमांक देणारी जी यंत्रणा असते ती म्हणजे सीक्वेन्स; जुन्या पद्धतीने बनवलेल्या टेबलात तिची परवानगी वेगळी द्यावी लागते. ही अडचण पहिल्यांदा भेटते तेव्हा माणूस डोकं धरून बसतो.

आणखी एक खोच. “सगळी टेबलं वाचू दे” असा हुकूम दिला तर तो त्या क्षणी असलेल्या टेबलांना लागू होतो. पुढच्या महिन्यात बनवलेलं टेबल त्यात येत नाही. मॅडम म्हणतात “कालपर्यंत चालत होतं”, आणि त्यांचं खोटं नसतं. रिपोर्टमध्ये नवं टेबल आलेलं असतं. पुढे बनणाऱ्या टेबलांसाठी वेगळा हुकूम असतो, तोही कोण बनवणार ते धरून.

हे सगळं एका बैठकीत वीस मिनिटांत सोडवता येतं. घाईत सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, करून टाकलं तर दोन मिनिटांत, आणि मग ते पुन्हा कुणी काढत नाही.

## आमच्याकडे डेटाबेस नाही, गूगल शीट आहे

मग तीच तुमचा डेटाबेस. तिथे व्ह्यूअर, कॉमेंटर आणि एडिटर अशा तीनच पायऱ्या आहेत, पण निम्म्या ऑफिसांत सगळेच एडिटर असतात. ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय तर व्हॉट्सॲपच्या जमान्यात विसरलेलाच बरा; लिंक फॉरवर्ड करायला कुणाला विचारावं लागत नाही.

लपवलेला रकाना ही सुरक्षा नव्हे, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. शीट बघता येणाऱ्या माणसाने तिची प्रत काढली की लपवलेलं त्यात उघडता येतं. पगाराचा रकाना लपवायचा असेल तर तो वेगळ्या फाइलमध्येच न्यावा. मूळ फाइलमधले ठरावीक रकाने दुसऱ्या फाइलमध्ये ओढून आणायचं सूत्र शीटमध्ये आहे. ती दुसरी फाइल फक्त बघण्यासाठी द्यायची.

## काढून घेणं

द्यायचे अर्ज येतात, काढून घ्यायचे कुणी करत नाही. माणूस नोकरी सोडतो तेव्हा ओळखपत्र, लॅपटॉप, टेबलाची चावी परत घेतात. डेटाबेसमधलं नाव तसंच राहतं.

पोस्टग्रेसमध्ये वापरकर्ता पुसायला गेलात आणि त्याने कधी एखादं टेबल बनवलं असेल, तर सर्व्हर ऐकत नाही. याच्यावर काही गोष्टी अवलंबून आहेत म्हणतो. घाबरून तिथेच सोडू नये. आधी त्याचं लॉगिन बंद करायचं, सुरू असलेलं कनेक्शन तोडायचं (लॉगिन बंद केलं तरी आत बसलेला माणूस बाहेर पडत नाही), त्याची टेबलं दुसऱ्याच्या नावावर करायची आणि मग पुसायचं. पासवर्डला मुदतीची तारीख घालता येते, ऑडिटवाल्यांसाठी ती चांगली सोय आहे, पण तीही फक्त नव्याने आत येताना तपासली जाते.

जे आधीच एक्सेलमध्ये काढून नेलं, ते मात्र यातल्या कशानेच परत येत नाही. वाचायची परवानगी म्हणजे नक्कल करायची परवानगी. सर्व्हर यात फरक करू शकत नाही. म्हणून काय दिसावं याचा विचार देतानाच करायचा.

नव्या नियमांची अपेक्षाही इथेच येते. माहिती कुणाला पोचते यावर नियंत्रण, कुणी पाहिली त्याच्या नोंदी, त्या नोंदी किमान वर्षभर जपणं आणि बॅकअप, असं त्यात सांगितलं आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. औषध वितरकाला कुणी 250 कोटी लावणार नाही, पण सगळे एकाच पासवर्डने आत शिरत असतील तर “कुणी पाहिलं” या साध्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसेल.

तेव्हा पुढच्या वेळी साहेबांनी “देऊन टाका” म्हटलं की त्यांच्याकडून एक छोटा मेल मागून घ्या. मजकूर एवढाच पुरे: “वसुलीच्या नवीन मॅडमना दुकानदार, बिलं आणि येणे बाकी ही टेबलं वाचण्यासाठी आणि शेऱ्यांच्या टेबलात नवीन नोंद करण्यासाठी परवानगी द्यावी. खरेदीचा दर व पगार दिसू नये. फक्त ऑफिसमधून. त्यांचं स्वतंत्र लॉगिन करावं. 31 मार्चला पुन्हा तपासावं.” साहेब म्हणतील, एवढं कशाला लिहायचं. त्यांना सांगा, मी टाइप करून ठेवलंय, तुम्ही फक्त ‘ओके’ म्हणून उत्तर द्या.